रंगमंचाच्या अंधारात कॅनन आर६ मार्क टू : ८०डी बदलण्याइतका फरक पडतो का?

गोव्यात हौशी मराठी रंगभूमी वर्षभर जागी असते. कला अकादमीची नाट्यस्पर्धा असो, फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरातला किंवा मडगावच्या रवींद्र भवनातला प्रयोग असो, की जत्रेच्या रात्री देवळासमोरच्या मांडवात उशिरा सुरू होऊन पहाटेला टेकणारे नाटक असो, छायाचित्रकाराच्या वाट्याला येणारी परिस्थिती सगळीकडे सारखीच असते : उजेड कमी, तोही क्षणाक्षणाला बदलणारा, फ्लॅशला सक्त मनाई आणि शेजारी हाताच्या अंतरावर प्रेक्षक. हे काम मी अनेक वर्षे कॅनन ईओएस ८०डी या कॅमेऱ्यावर केले. आता त्या कामासाठी ईओएस आर६ मार्क टू वापरतो. घेण्याआधी तो भाड्याने आणून दोन्ही कॅमेरे एकाच प्रयोगाला वापरून पाहिले होते आणि नंतर स्पर्धेचा हंगाम व जत्रांच्या रात्री त्याच्यावर काढल्या. एवढा पैसा घालण्याजोगा फरक खरोखर पडतो का, या प्रश्नाचे माझे उत्तर "पडतो, पण दुकानदार सांगतो त्या कारणासाठी नव्हे" असे आहे.

आधी कागदावरचा हिशेब उरकून घेऊ. ८०डी फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झाला. त्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) एपीएस-सी या लहान आकाराचा, २४.२ मेगापिक्सेलचा आहे, सेकंदाला ७ फोटो निघतात आणि फोकसचे बिंदू ४५ आहेत. आर६ मार्क टू नोव्हेंबर २०२२ चा. त्याचा सेन्सर फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मच्या चौकटीएवढा आहे, पण मेगापिक्सेल तेवढेच, २४.२. यांत्रिक शटरवर सेकंदाला १२ आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर ४० फोटो निघतात. म्हणजे स्मरणिकेत छापायचा फोटो, वृत्तपत्राला पाठवायचा फोटो किंवा फलकावर लावायचे मोठे चित्र या तिन्हींच्या आकारात या बदलाने काडीचाही फरक पडत नाही. "किती मेगापिक्सेलचा घेतलास?" असे विचारणारे अजून भेटतात आणि आकडा ऐकून त्यांची निराशा होते.

खरी चर्चा सुरू होते ती सेन्सरच्या क्षेत्रफळापासून. फुल फ्रेम सेन्सर ८०डीच्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने सुमारे अडीचपट मोठा आहे. त्यामुळे त्याच उजेडात, त्याच छिद्राने आणि त्याच वेगाने काढलेल्या फोटोसाठी तो अडीचपट प्रकाश गोळा करतो आणि नॉइजच्या, म्हणजे अंधारातल्या फोटोत दिसणाऱ्या रवाळपणाच्या हिशेबात हा फायदा साधारण सव्वा ते दीड स्टॉपचा होतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). प्रत्यक्षात मला तेवढाच दिसला. ८०डीवर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० च्या पुढे जाताना माझा हात अडखळत असे. आर६ मार्क टूवर ८००० पर्यंत बिनधास्त जाता येते आणि प्रसंग महत्त्वाचा असेल तर १२८०० वरही पात्राच्या चेहऱ्याचा रंग टिकून राहतो. हा फायदा खरा आहे, मात्र तो पदरात पडण्यासाठी एक अट आहे आणि ती अट जाहिरातीत लिहिलेली नसते.

अट लेन्सची आहे. माझ्याकडे ८५ एमएम एफ/१.८ ही जुनी, साधी लेन्स आहे (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो). वापरलेली घेतली, वीस हजारांच्या आत मिळाली. ८०डीवर ती लावली की सेन्सर लहान असल्यामुळे चौकट १३६ एमएमची मिळते, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या रांगेतून पात्र कमरेपर्यंत छान भरते. तीच चौकट फुल फ्रेमवर हवी तर लेन्स १३५च्या आसपासची लागते आणि बहुतेकांकडे त्या लांबीला ७०-२०० एफ/४ असते. आता गणित मांडा. ८०डीवरची ८५ एफ/१.८ ही एकूण प्रकाशाच्या दृष्टीने फुल फ्रेमवरच्या एफ/२.९ च्या बरोबरीची आहे. म्हणजे दोन लाखांचा नवा कॅमेरा आणि त्यावर एफ/४ ची झूम लेन्स ही जोडी, जुन्या ८०डी आणि वीस हजारांच्या लेन्सच्या जोडीपेक्षा जवळजवळ एक स्टॉप मागे पडते. भाड्याच्या प्रयोगात मी हे मुद्दाम करून पाहिले. पहिल्या अंकाला नवा कॅमेरा आणि एफ/४, दुसऱ्या अंकाला जुना कॅमेरा आणि ८५. घरी संगणकावर फोटो उघडल्यावर नॉइज नव्या कॅमेऱ्याच्या फोटोंत जास्त होता. फुल फ्रेमवर नुसती बरोबरी गाठायची असेल तरी एफ/२.८ ची झूम लागते. जुन्या ईएफ माउंटची (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याची खोबण) ती लेन्स जवळजवळ दीड किलोची आहे आणि आरएफ माउंटची नवी घ्यायची तर तिचीच किंमत दोन लाखांच्या वर जाते. "कॅमेरा बदलतो आहे" असे म्हणणारा माणूस बहुतेक वेळा नकळत सगळा संच बदलायला निघालेला असतो, आणि ते त्याला पहिल्या महिन्याचा हप्ता गेल्यावर कळते.

दुसरी वाट याहूनही स्वस्त आहे. एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूम क्लासिक या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये डिनॉइज ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी सोय आली आणि अंधारातल्या छायाचित्रणाचे अर्थकारणच तिने हलवले. ८०डीवर आयएसओ ६४०० ला काढलेली रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल तिच्यातून बाहेर आली की साडीचा पोत, दाढीचे केस, पगडीच्या घड्या शाबूत राहतात आणि पार्श्वभूमीतली वाळू निघून जाते. अट इतकीच की फोटो रॉमध्ये काढलेला हवा आणि संगणकाला बरे ग्राफिक्स कार्ड हवे, नाहीतर एकेका फोटोला काही मिनिटे ताटकळावे लागते. मी २०१८-१९ च्या स्पर्धेतल्या जुन्या फाइल्स पुन्हा काढून पाहिल्या, तेव्हा त्या वेळी टाकाऊ ठरवलेले कितीतरी फोटो छापण्याजोगे निघाले. केवळ नॉइजसाठी कॅमेरा बदलू पाहणाऱ्याने हा प्रयोग आधी करावा, असे मी अगदी आग्रहाने सांगेन.

मग मी कॅमेरा बदलला कशासाठी? आवाजासाठी.

८०डीसारख्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोला आरसा वर आपटतो आणि खाली येतो. त्यात सायलेंट शूटिंग नावाची सोय आहे, ती वेग सेकंदाला ३ फोटोंवर आणून आवाज मऊ करते, पण तो बंद करत नाही. ढोल-ताशांच्या तालावर नाचणाऱ्या शिगम्याच्या मेळात हा आवाज कोणाच्या गावीही नसतो. नाट्यगृहात मात्र तो तीन रांगा मागेपर्यंत जातो. परिणामी नाटकाचा छायाचित्रकार हळूहळू एक सवय लावून घेतो : टाळी पडली, पार्श्वसंगीत चढले, कोणी ओरडून बोलले की त्या आडोशाने बटण दाबायचे. याचा अर्थ असा की त्याच्याकडे आरडाओरड्याचे फोटो भरपूर जमतात आणि नाटकातल्या शांततेचा एकही नसतो. वाक्य संपल्यानंतर पात्र जे पाहते, समोरच्याचे उत्तर येण्याआधी जे घडते, तिथेच अभिनय असतो आणि तिथेच आपले बोट आखडलेले असते.

फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या उत्सवातल्या नाटकात एक प्रसंग होता. आईची भूमिका करणारी बाई गळ्यातले मंगळसूत्र काढून पितळी ताटात ठेवते. संवाद नाही, संगीत नाही. मणी ताटाला लागल्याचा आवाज मांडवाच्या टोकाला चहाच्या गाड्यापाशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेला असेल, इतकी शांतता होती. आर६ मार्क टूवर इलेक्ट्रॉनिक शटर लावून मी दुसऱ्या रांगेतून तो सगळा प्रसंग टिपला, हात गळ्याकडे जाण्यापासून ताटावरून बोटे सुटेपर्यंत, आणि शेजारी बसलेल्या आजींनी मान वळवून पाहिलेही नाही. नाटक संपल्यावर दिग्दर्शक भेटले. "अरे, तू आज आला नाहीस असंच वाटलं मला," असे ते म्हणाले. कॅमेऱ्याच्या कुठल्याही परीक्षणात या गोष्टीला गुण नसतात, पण माझ्या लेखी दोन लाखांतले दीड लाख या एका सोयीचे आहेत.

तिलाही किंमत मोजावी लागते, ती मात्र नीट समजून घ्यावी. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि या कॅमेऱ्यात त्याला साधारण पंधरा मिलिसेकंद लागतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. सेन्सर वाचून होईपर्यंत हे चक्र दीडेकदा फिरते आणि फोटोवर आडवे काळपट पट्टे उमटतात. जत्रेच्या मांडवात, जिथे रंगमंचावरच्या दिव्यांखेरीज खांबाखांबाला माळा आणि ट्यूब असतात, तिथे हा त्रास हमखास होतो. शटरचा वेग १/१०० ठेवला की प्रत्येक ओळीला प्रकाशाचे एक पूर्ण चक्र मिळते आणि हे पट्टे जातात. रंगमंचावरचे 'पार' जातीचे रंगीत एलईडी दिवे मंद केलेले असले तर मात्र त्यांचे लुकलुकणे वेगळ्या गतीने चालते आणि १/१०० चा उपाय पुरत नाही. अशा वेळी मेनूतली हाय फ्रिक्वेन्सी अँटी-फ्लिकर ही सोय उपयोगी पडते, तिच्यात शटरचा वेग अगदी बारीक पायऱ्यांनी जुळवता येतो. नाटक सुरू होण्याआधी प्रकाशयोजनाकार दिवे तपासत असताना हे जुळवून घेतले की पुढे डोक्याला ताप राहत नाही. जुन्या पद्धतीचे हॅलोजन दिवे असलेल्या रंगमंचावर हा प्रश्न जवळजवळ येतच नाही, कारण तापलेली तार इतक्या लवकर थंड होत नाही.

याच ओळीओळीच्या वाचनामुळे वेगाने फिरणारी वस्तू तिरकी दिसते. ऐतिहासिक नाटकातल्या द्वंद्वात तलवार केळीच्या पानासारखी वाकलेली आली, तेव्हा युद्धाचे प्रसंग यांत्रिक शटरवरच काढायचे असे मी ठरवून टाकले. तिथे आवाजाची पर्वा कोणी करत नाही. शिवाय इलेक्ट्रॉनिक शटरवर रॉ फाइल १४ ऐवजी १२ बिटांची होते, त्यामुळे गडद सावल्या नंतर उजळायला गेलो की नॉइज थोडा लवकर वर येतो. नाटकाच्या फोटोत सावल्या सावल्याच राहाव्यात असे माझे मत असल्यामुळे मला हे फारसे जाणवले नाही. ज्यांना सगळे लख्ख दिसायला हवे असते त्यांना जाणवेल.

आवाजाच्या खालोखाल दुसरे कारण फोकसचे. ८०डीचे ४५ बिंदू चौकटीच्या मधल्या भागात गोळा झालेले आहेत, त्यामुळे पात्र कडेला उभे असले की आधी त्याच्यावर फोकस धरून मग कॅमेरा सरकवावा लागे आणि एफ/१.८ वर तेवढ्या सरकण्यानेही डोळा सुटत असे. आर६ मार्क टू जवळजवळ पूर्ण चौकटीत डोळा शोधतो आणि पात्र चालत असताना तो धरून ठेवतो. अंधारातल्या फोकसची मर्यादा कंपनी उणे ६.५ ईव्ही सांगते (ईव्ही हे उजेडाचे माप, आकडा जितका खाली तितका अंधार जास्त). तो आकडा एफ/१.२ च्या लेन्सवर, मधल्या बिंदूवर मोजलेला आहे, त्यामुळे आपल्या झूम लेन्सवर तो तसाच मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. तरीही निळ्या उजेडातल्या रात्रीच्या प्रसंगात, जिथे ८०डी पुढे-मागे घुटमळत राही, तिथे हा कॅमेरा बहुतेक वेळा चटकन थांबतो. पौराणिक नाटकातला जाड रंग, मिशा आणि मुकुटही त्याला फारसे अडवत नाहीत. त्याचा एकच हट्ट त्रास देतो : चौकटीत जो चेहरा दिसेल तो हा कॅमेरा धरतो, मग तो विंगेतून डोकावणाऱ्या प्रॉम्प्टरचा का असेना. असे दोन-तीन प्रॉम्प्टर माझ्या संग्रहात उत्तम फोकसमध्ये आहेत. उपाय म्हणजे फोकसचे क्षेत्र लहान करून पात्रावर स्वतः नेऊन ठेवणे आणि मगच डोळ्याचा शोध त्याच्यावर सोडणे.

इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरची सवय व्हायला थोडे दिवस लागतात, पण फोटो किती उजळ येणार ते दाबण्याआधीच दिसत असल्यामुळे स्पॉटमध्ये पांढरे पडलेले चेहरे कमी झाले. मागचा पडदा आत वळवून बंद ठेवावा, म्हणजे शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर उजेड जात नाही. फोकसला मदत करणारा दिवाही मेनूतून बंद करून ठेवावा. बॅटरी मात्र भसाभस संपते. ८०डी एका बॅटरीवर ९६० फोटो देतो असे कंपनीचे माप आहे, आर६ मार्क टू व्ह्यूफाइंडरमधून त्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही. दिलासा एवढाच की ८०डीच्या जुन्या एलपी-ई६एन बॅटऱ्या त्यात चालतात, त्यामुळे तीन अंकी नाटकाला जुन्या-नव्या मिळून पुरतात. हातातली थरथर सावरणारी सोय बॉडीतच आहे आणि तिचे फार कौतुक होते. तिने आपला हात स्थिर होतो, पण हलणारा नट काही स्थिर होत नाही, म्हणून या कामात तिचा उपयोग बेताचाच.

ज्यांच्याकडे ८०डीसोबत आलेली १८-१३५ किंवा तत्सम ईएफ-एस, म्हणजे लहान सेन्सरसाठी बनवलेली लेन्स आहे त्यांनी एक गोष्ट खरेदीआधी जरूर पाहावी. अडॅप्टर लावून ती आर६ मार्क टूवर बसते आणि चालतेही, पण कॅमेरा आपोआप चौकट कापतो आणि २४ मेगापिक्सेलचे ९.३ उरतात. ईएफ लेन्सना हा त्रास नाही. अडॅप्टरमध्ये काच नसल्यामुळे त्या होत्या तशाच काम करतात, माझी ८५ तर फोकसच्या बाबतीत पूर्वीपेक्षा जास्त भरवशाची झाली. याच ९.३ मेगापिक्सेलमुळे करमळीच्या तळ्यावर किंवा चोडणच्या खारफुटीत पक्षी टिपायला मी अजून ८०डीच नेतो. लांबवरचा खंड्या त्याच ४०० एमएम लेन्सवर ८०डीच्या सेन्सरवर अडीचपट जास्त पिक्सेल व्यापतो. उडत्या पक्ष्यासाठी नव्याचा फोकस चांगला आहे हे मान्य, पण फांदीवर बसलेल्यासाठी जुनाच बरा.

आपल्या हवेबद्दलही एक वाक्य लिहायलाच हवे. चार महिने पाऊस आणि उरलेले महिने समुद्राचा दमटपणा अशा प्रदेशात ड्राय कॅबिनेट नसताना दोन लाखांची बॉडी घेणे मला पटत नाही, कारण लेन्सच्या आत बुरशी धरली की पुढचा सेन्सर कितीही मोठा असला तरी फोटो धुरकटच येणार. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखणारे लहान कॅबिनेट आधी घ्यावे, कॅमेरा पुढच्या जत्रेला.

आर६ मार्क टू बाजारात आला तेव्हा नुसत्या बॉडीचीच किंमत दोन लाखांच्या वर होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ३२.५ मेगापिक्सेलचा मार्क थ्री आल्यामुळे आता वापरलेले मार्क टू बाजारात दिसू लागले आहेत. नाटकासाठी जास्तीच्या मेगापिक्सेलची गरज नसल्यामुळे माझा कल त्यांच्याकडेच राहील. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेला आर८ हाही विचारात घ्यावा. त्यात सेन्सर २४.२ मेगापिक्सेलचाच आहे, शांत शटर आहे, वजन अर्ध्या किलोच्या आत आहे आणि किंमत बरीच कमी आहे. त्यात थरथर सावरण्याची सोय बॉडीत नाही, कार्ड एकच बसते आणि बॅटरी लहान, वेगळ्या जातीची आहे. केवळ आवडीने नाटके टिपणाऱ्याला मी आर८च सुचवीन. मी तो घेतला नाही, कारण स्पर्धेतला प्रयोग पुन्हा होत नसतो आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरलेला मला हवा असतो, शिवाय दीड किलोची लेन्स त्या चिमुकल्या बॉडीवर हातात नीट बसत नाही.

लग्न-मुंजी, मिरवणुका, शिगम्याचे चित्ररथ आणि घरगुती समारंभ एवढेच काम असणाऱ्याने ८०डी किंवा त्याच्या पिढीतला चालू स्थितीतला कॅमेरा बदलू नये. फ्लॅश, एक एफ/१.८ लेन्स आणि डिनॉइज यांत त्याचे काम भागते. नाटक, संगीताची बैठक, कीर्तन अशा जागी जो बसतो, त्याने मात्र एक दिवस कॅमेरा भाड्याने आणून पाहावा. पणजी-मडगावात अशा सेवा आहेत, अनामत रक्कम आणि ओळखपत्र ठेवून घेतात. जाताना स्वतःचीच लेन्स न्यावी, दोन अंक दोन कॅमेऱ्यांवर एकाच खुर्चीतून काढावेत आणि दुसऱ्या दिवशी फोटो मोठे करून नॉइज शोधत बसण्याआधी, जुन्या कॅमेऱ्यावर जे क्षण आवाजाच्या भीतीने आपण सोडून दिले असते असे किती फोटो नव्यावर मिळाले, ते वेगळे काढून पाहावेत.